मोजून दिलेला गवती चहा

बायकोच्या आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही नवीन पनवेलला तळमजल्यावर राहत होतो. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "दिवसाला दीड लिटर तरी पोटात गेलं पाहिजे. नाही गेलं, तर सलाइनसाठी परत भरती." साध्या पाण्याची तिला शिसारी आली होती, म्हणून बिनदुधाचा गवती चहा द्यायला त्यांनीच सांगितलं. 'परत भरती' ऐकून तिचा चेहरा उतरला. नाकातली नळी तिनं फार सोसली होती.

मी रजा टाकली. गवती चहाची तीन पाती, आल्याचा तुकडा, चिमूट बडीशेप, अर्धा चमचा साखर. दर तासाला शंभर मिली, मापाच्या पेल्यानं. कप रिकामा दिसला की वहीत नोंद. तिसऱ्या दिवशीही दिवसाची बेरीज पंधराशेला पोचली, तरी तिची जीभ कोरडीच, लघवी गडद. आकडे बरोबर आणि माणूस सुकतोय, हे काही केल्या जुळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची मासेवाली आली. बारा वर्षं उरणहून आमच्या दारी येणारी कोळीण. घरात मासे बंद आहेत हे ठाऊक असूनही टोपली उतरवून ती आत आली आणि बायकोच्या उशाशी असलेल्या खिडकीतल्या तुळशीकडे बघत राहिली.

"दादा, तुळशीला गोड चाय पाजता की काय? मुंग्या बघा किती!"

मी बायकोकडे पाहिलं. तिनं चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"अहो, एक घोट गेला की दुसरा जात नाही. त्यात तुम्ही वही घेऊन समोर. परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

"मग सांगायचं ना! परत नळी लागली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"वही ठेवा तिकडं," मासेवाली मला म्हणाली. "दोन कप आणा."

बारा वर्षांत बायकोनं तिला एकटीला चहा कधी प्यायला लावला नव्हता. दारात बसून दोघी बरोबरच घ्यायच्या. आता मासेवालीनं कप हातात धरला, तोंडाला लावला नाही.

"वैनी, तू नाय प्यायलीस तर मी पन नाय. उन्हातनं आलेय, घसा सुकलाय माझा."

पाहुणी कप धरून ताटकळतेय, हे बायकोला बघवेना. तिनं घोट घेतला, मग आणखी एक. मासेवाली सुनेच्या तक्रारी सांगत होती.

"कोलंबी सोलायला बसवली, तर निम्मी सालं कालवणात!"

"हसवू नकोस गं, टाके दुखतात."

पाऊण तासात कप रिकामा झाला.

मी तीन दिवसांच्या नोंदींवर लाल रेघ मारली. मासेवाली आठवडाभर रोज आली. बाकीच्या वेळी मीच कप घेऊन बायकोशेजारी बसलो. मला तो चहा आवडत नाही, तरी दिवसाला चौदा-पंधरा कप प्यायलो. दोन दिवसांत लघवी स्वच्छ झाली, चौथ्या दिवशी पोट साफ झालं. हे चहानं झालं की आतडं आपोआप सावरलं, मला सांगता येणार नाही.

तपासणीला गेलो तेव्हा पहिले तीन दिवस खोटे आहेत, हे मी आधीच सांगून टाकलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "भरतीची गरज नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मासेवालीची हाक आली आणि बायको स्वतः उठून ओट्याशी गेली. पाती किती टाकली, मी पाहिलं नाही.