माणसाचं प्रोटीन
आई गेल्या महिन्यात एका मंगळवारी गेली. आज प्रयोगशाळेत थर्माकोलचा डबा उघडताना त्याआधीच्या दिवाळीतली एक दुपार आठवली. कॉलेज बंद असल्यामुळे माझ्या संशोधनाचं पार्सल धाराशिवच्या घरी आलं होतं. बर्फाच्या पिशव्यांमध्ये बोटाच्या पेराएवढी कुपी होती आणि तिच्यात जिवाणूंकडून तयार करवून घेतलेलं माणसाचं प्रोटीन. फ्रीजरमध्ये ठेवण्याआधी माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ती मागून घेतली आणि चष्मा लावून लेबल वाचलं. आईच्या किडन्या बिघडल्या होत्या, लघवीतून प्रोटीन जायचं, पाय सुजायचे. "डॉक्टर हिचं प्रोटीन कमी झालंय म्हणतेत. अन् हे तर माणसाचंच हाय," अण्णा म्हणाले. आई कॉटवरून हसली. "एवढ्याशानं काय व्हतंय? वरणात घाला माझ्या." मी सांगितलं की हे फक्त प्रयोगासाठी असतं, माणसाला देता येत नाही. "माणसाचं हाय, अन् माणसालाच चालत न्हाय?" असं विचारून ते कुपी मुठीत धरून उभे राहिले. ती गरम होऊन प्रोटीन खराब होईल म्हणून मी त्यांची बोटं सोडवून ती काढून घेतली. आता घरात अण्णा आणि मी दोघंच आहोत. ते माझ्या कामाबद्दल काही विचारत नाहीत आणि मीही सांगत नाही.