एकच रेघ

खिडक्यांच्या काचा कापण्यात मावशींची सत्तावीस वर्षं गेली. काच कापायची हिरकणी, म्हणजे हिऱ्याच्या टोकाची लेखणी, एकदाच ओढायची, किर्र असा आवाज नीट ऐकायचा आणि टेबलाच्या कडेवर काच टक् करून मोडायची. त्याच रेघेवरून पुन्हा हिरकणी फिरवली की काच वाटेल तिकडे फुटते. कारखान्यातली निम्मी माणसं हे मावशींची बोलणी खाऊन शिकलेली.

मग साहेबांच्या डोक्यात ऑनलाइनचं खूळ शिरलं. आधी मोबाइलवर धडे, मग कामावर सराव, शेवटी परीक्षा. धड्यांच्या शूटिंगला हात मावशींचेच होते. कॅमेरावाला म्हणाला, "आजी, उजेड नीट नव्हता, परत फिरवा ना."

"आजी कुणाला म्हणतोस रे?" असं म्हणत मावशींनी त्याच रेघेवरून हिरकणी नुसती फिरवून दाखवली. त्या शहाण्याने व्हिडिओचे दोन्ही तुकडे जोडले आणि वर संगीत टाकलं. किर्र आवाज गेला तो गेलाच.

पुढे फर्मान निघालं, शिकवणाऱ्यांनीही परीक्षा द्यायची. दोनदा नापास झालं की रवानगी पॅकिंगला. मावशी हसल्या. आपलीच विद्या, आपलेच हात! आणि एका मार्काने आपटल्या. रेघ किती वेळा मारावी? मावशींनी 'एकदा' दाबलं होतं. बरोबर उत्तर होतं 'दोनदा'.

"साहेब, धडाच चुकलाय."

"मावशी, व्हिडिओत तुम्हीच दोनदा मारलीय. मी ऐकू कुणाचं?"

पॅकिंग म्हणजे दिवसभर खोक्यांना चिकटपट्ट्या लावत बसायचं. दुसऱ्या खेपेला मावशींनी मुकाट्याने 'दोनदा' दाबलं आणि पास झाल्या. स्वतःचीच लाज वाटत होती.

साहेब खूश. प्रमाणपत्र फ्रेम करून मावशींच्या टेबलामागे टांगायचं ठरलं. त्याची काच कापायला मावशींनी नव्या मुलीला बसवलं. मोबाइलवरचे सगळे धडे संपवून ती आजच कामावर आलेली. तिने झोकात रेघ मारली, त्यावरच परत मारली. काच तिरकी फुटली.

"कुठल्या गाढवाने शिकवलं गं तुला हे?"

मुलगी गोंधळली. "मावशी... तुम्हीच की."

मावशींचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी दुसरी काच ओढली, हिरकणी घेतली. "कान दे इकडे." किर्र. टक्. काच सरळ सुटली.

"ऐकलंस? एकदाच."

"मग उद्या परीक्षेत काय दाबू?"

मावशींनी ती काच आपल्या प्रमाणपत्रावर बसवली, फडक्याने पुसली.

"दोनदा," त्या म्हणाल्या.