आधी डोकं, मग टोपी

"डोकं हजर करा."

एवढं म्हणून ते कानावर अडकवलेली क्रोशाची सुई काढायचे आणि डावा पंजा पुढं करायचे. समोरचं पोर कितीही वांड असो, मुकाट्यानं येऊन त्या पंजाखाली डोकं घालायचं. पंजाही असा, की बालवाडीतल्या पोराचं अख्खं डोकं त्यात मावावं. ते डोळे मिटून जरा वेळ तसेच थांबायचे. मग कपाळाभोवती लोकरीचा धागा फिरवून गाठ मारायचे आणि विचारायचे, "हं, बोला. कोन व्हायचं?"

वाईतल्या आमच्या बालवाडीच्या फाटकावर ते वॉचमन होते. थंडीच्या दिवसांत सकाळी आमच्या रस्त्यानं कधी गेला असाल, तर तुम्हीही पाहिलं असेल. रिक्षातून हत्ती उतरतोय, आईच्या स्कूटरवर पुढं बेडूक उभा आहे आणि फाटकात एक वाघ नाक पुसत रडतोय. ही सगळी त्यांची करणी. दारातून वाकून शिरावं लागेल एवढा उंच, मिशांना पीळ देणारा, लष्करातून निवृत्त झालेला माणूस खुर्ची टाकून सशाचे कान विणत बसलाय, हे बघून नवे पालक गोंधळायचे. आता फाटकावर दुसरे गृहस्थ असतात. भले आहेत बिचारे, मोबाईल बघत बसतात. पण सकाळी शाळेत येणारी डोकी आता नुसती डोकीच असतात आणि मला ते अजून सवयीचं झालेलं नाही.

पहिल्या दिवशी मी त्यांना "सुभेदार" म्हटलं. वाटलं, खूश होतील. तर ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "हवालदार, बाई. फुकटचं प्रमोशन नको." तेव्हापासून मी त्यांना हवालदारच म्हणत आले.

विणायला ते शिकले मिलिटरीच्या दवाखान्यात. पाय प्लॅस्टरमध्ये, हलायची सोय नाही. शेजारच्या खाटेवर एक गढवाली जवान होता, तो दिवसभर लोकर विणायचा. "आदी मी त्याला लय हसलो," ते सांगायचे. "मग पत्ते खेळून कट्टाळा आला आन् सुई हातात घेतली. टाक्यामागं टाका. साखळी, खांब, साखळी, खांब. परेडच हाय की, बाई. एकाचा पाय चुकला की अख्खी रांग वाकडी."

कोणता प्राणी, हे पोरानं सांगायचं. आईबापांनी मध्ये तोंड घालायचं नाही. एकदा एका बाईंनी झकास गुलाबी लोकर आणून दिली आणि मुलासाठी शिंगवाला परीकथेतला घोडा करा म्हणाल्या. हवालदारांनी मुलाच्या डोक्यावर पंजा ठेवला. "बोला, कोन व्हायचं?" मुलगा म्हणाला, "म्हैस." आई म्हणाली, "अरे, म्हैस काय? शी." मुलगा म्हणाला, "आज्जीची म्हैस." झालं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोरगं काळी टोपी घालून हजर, दोन्ही बाजूंनी मागं वळलेली शिंगं, कपाळावर पांढरा ठिपका. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू मीच म्हैस विणली होती. पण पुढं त्याच बाईंनी मोबाईलवर त्या म्हशीचा फोटो लावला आणि तो बरेच महिने काढला नाही.

दुसऱ्या एकाला जेसीबी व्हायचं होतं. आता जेसीबी हा काही प्राणी नाही, असं मी म्हणाले. हवालदारांनी विचार केला. म्हणाले, "खातो की वो माती." पिवळी टोपी झाली, पुढं लोंबणारा दात्यांचा पंजा. तो पंजा सारखा पोराच्या नाकावर यायचा आणि पोर तो वर सारत सगळ्या वर्गातून घर्र घर्र करत फिरायचं. मी फटकळ बाई आहे, आमच्या पालकांना विचारा. पण त्या जेसीबीला मला कधी ओरडता आलं नाही.

त्यांचं एकच आडमुठेपण होतं. डोक्याला हात लावल्याशिवाय ते टोपी विणायचे नाहीत. पुण्याहून कुणी आपल्या भाचीसाठी टोपी मागितली, माप मोबाईलवर पाठवलं. मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सेंटीमीटर आलं, बाई. डोकं कुटं आलंय?"

"अहो, माप ते मापच ना?"

"न्हाई. डोकं वाढतं."

म्हटलं, एवढ्या चार दिवसांत किती वाढणार आहे? पण ते पुढं बोलायलाच तयार नाहीत. मला वाटलं, असेल फौजी खाक्या. तो खाक्या नव्हता, हे मला कळलं एका दुपारी. एका मुलीला न्यायला घरून कुणी आलं नव्हतं आणि ती पायरीवर माकडाची टोपी घालून चिवडा खात बसली होती. आम्ही दोघं तिच्या राखणीला. तिच्याकडं बघता बघता ते आपणहून बोलायला लागले.

त्यांना एकच मुलगी. ती लहान असताना हे सरहद्दीवर. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे, येताना फ्रॉक आणायचे. "कवाच बसला न्हाई, बाई. दर बारीला घट्ट. बायको म्हनायची, आवं, जरा मोठा आनायचा की. पन दुकानात हुबा ऱ्हायलो की मागल्या सुट्टीतली पोरच डोळ्याम्होरं यायची. तेवढीच." दवाखान्यातून सुटून घरी आले, तेव्हा स्वतः विणलेली पहिली टोपी आणली होती. ससा. ती मुलीच्या डोक्यावर वाटीसारखी वर राहिली. खाली उतरेचना. घरातली सगळी हसली, हेही हसले. मुलीनं ती टोपी मक्याच्या कणसाला घातली आणि त्याची बाहुली करून खेळली.

"तवापास्नं ठरवलं. डोकं हजर न्हाई, तर टोपी न्हाई." मग सुई परत कानावर अडकवत म्हणाले, "पन तवर ती मोठी झाली वो."

मुलगी सांगलीला दिलेली. जावई हळदीच्या पेढीवर कामाला. बायको वारल्यावर हवालदारांनी गावाकडच्या घराला कुलूप लावलं आणि आमच्या शाळेमागच्या खोलीत राहायला आले. मुलीला फार उशिरा एक मुलगी झाली. त्या नातीला त्यांनी बारशाला पाहिलं, नंतर एका लग्नात ओझरतं. मी म्हणायची, "जा की हो सांगलीला. बस काय चंद्रावर जाते का?" ते म्हणायचे, "बोलावलं तर जाईन."

मला आधी वाटायचं, बापलेकीत काही वाजलं असेल. तसंही नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. मुलगी रुसलेली नव्हती, तिला वडिलांची सवयच नव्हती. सणासुदीला फोन करायची, तब्येत विचारायची, आणि मग दोघांनाही पुढं काय बोलावं ते सुचायचं नाही. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. "जेवलीस का?" "जेवले. तुम्ही?" "व्हय." मग नुसता पंख्याचा आवाज.

मग आमच्या स्नेहसंमेलनात सगळी पोरं टोप्या घालून स्टेजवर नाचली. तो फोटो कुणाकुणाच्या मोबाईलवरून फिरत सांगलीला पोचला. मुलीचा फोन आला. "आप्पा, ही मागं लागलीय. हिला खार व्हायचंय. माप पाठवू का?"

हवालदार खुर्चीतून उठलेच. "माप नको. मी येतो."

काय ती तयारी. तपकिरी लोकर आणली, शेपटीसाठी जरा फिकी वेगळी. न्हाव्याकडं जाऊन आले, बुटांना पॉलिश केलं. जुन्या फौजी पिशवीत लोकर भरली आणि मुख्याध्यापिका बाईंना चक्क सॅल्यूट ठोकून रजा मागितली. आम्ही सगळ्या हसलो. सोमवारी परत आले, तेव्हा पिशवी तशीच फुगलेली होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "डोकं दिलं न्हाई, बाई. आईच्या मागं दडली."

दिवसभर दडली होती. बिस्किटाला आली नाही, लोकरीच्या गुंड्याला आली नाही. ज्या माणसाच्या हाताखाली अख्खी बालवाडी रांग लावायची, त्याला एक पोर हाताशी येऊ देईना. त्यांना वाटलं, मिशांना भ्याली. तर पुढच्या खेपेला या गृहस्थांनी मिशाच उतरवल्या. वाईच्या बाजारात लोक वळून वळून बघत होते, कुणाचं दिवसकार्य झालं का म्हणून विचारत होते. आणि सांगलीत काय झालं? पोरगी दारातच रडायला लागली. "हे आबा नव्हेत. आबांना मिशा आहेत." एवढ्यात व्हिडिओ कॉलवर दिसणाऱ्या मिशा तिच्या ओळखीच्या झाल्या होत्या. हे सांगताना ते स्वतः एवढे हसले की डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले. मग ते ओठांवरून हात फिरवत बसले.

त्या खेपेला मुलगी त्यांना म्हणाली होती, "आप्पा, दुपारी झोपली की माप घ्या ना. तिला कळणारसुद्धा नाही."

"मग?" मी म्हटलं. "घ्यायचं होतं की."

त्यांनी मान हलवली. "सुट्टी संपली की मी पहाटंच्या गाडीनं निघायचो, बाई. पोर झोपल्याली असायची. उठवली तर रडंल, म्हनून तसाच डोक्यावरनं हात फिरवायचो आन् निघायचो. दर साली. तिला बी मी तेच सांगितलं. म्हटलं, झोपल्यालं डोकं म्या लय बघितलंय. मला जागं पायजे."

"मग ती काय म्हणाली?"

"उठून आत गेली."

त्यानंतर त्यांनी नोकरीच सोडली. आम्ही पुष्कळ समजावलं. ते म्हणाले, "पंधरा दिसांनी येतो त्यो पावना. घरातला मानूस रोज दिसतो." जन्मभर पाहुण्यासारखंच घरी गेलेला माणूस हे बोलत होता. निरोपाच्या दिवशी सगळी जंगली जनावरं रांगेत उभी राहिली आणि त्यांनी डाव्या-उजव्या मिळेल त्या हातानं सॅल्यूट केला. हवालदारांनी प्रत्येकाचा हात नीट करून दिला.

सांगलीला गेल्यावर त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. नात जेमतेम जवळ बसायला लागली होती, तेवढ्यात त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली.

मी भेटायला गेले. सांगलीच्या विश्रामबागेतली दोन खोल्यांची जागा, खिडकीशी खाट. मिशा परत आल्या होत्या, पण कुणीतरी कात्रीनं कशाबशा सारख्या केलेल्या. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, "हवालदार, पडून राहा, नाहीतर मी जाते." ते हसले, अर्ध्याच तोंडानं. ती फौजी पिशवी भिंतीला खिळ्यावर लटकत होती, आतली लोकर दिसत होती. आमच्या गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनी हत्ती, वाघ, म्हैस, जेसीबी करून सोडलं, आणि नातीची एक खार तेवढी राहिली. याचं मला तेव्हा जेवढं वाईट वाटलं तेवढंच आजही वाटतं. पुढं ते वारले, त्याचंसुद्धा एवढं वाटत नाही.

तेवढ्यात नात बाहेरून पळत आली. माझ्याकडं ढुंकूनही न बघता खाटेवर चढली आणि त्यांचा डावा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "घ्या माप," म्हणाली. मुलगी चहा घेऊन दारात उभी होती. मला हळूच म्हणाली, "रोज चालतं हे, बाई. आप्पा आजारी पडल्यापासून ही त्यांना भीतच नाही."

पोरीनं जरा वेळ दम धरला. मग विचारलं, "झालं का, आबा?"

"अजून न्हाई."

"आता?"

"अजून... न्हाई."

पोरच ती. खाली कुणीतरी हाक मारली तशी हाताखालून निसटली आणि चपला न घालताच जिन्यानं पळाली. हवालदारांचा हात तसाच वर राहिला. तो खाली घ्यायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

मुलीनं चहाचा ट्रे खुर्चीवर ठेवला. केसांतला चाप काढला, खाटेशी जमिनीवर बसली आणि आपलं डोकं त्या हाताखाली सरकवलं.

"घ्या, आप्पा," ती म्हणाली. "मी जागी आहे."