सायुतचं निळं पाणी

सायुतला भुवया नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या बाजारात तिच्याबद्दल कोणीही बोलायला लागलं की सुरुवात तिथूनच करतं आणि मला त्याचा भयंकर संताप येतो. बाईच्या हातच्या हिरव्या रश्श्यासाठी नदीपलीकडची माणसं होड्या भरून येतात, आणि हे बघत बसलेत कपाळ!

आमच्याकडे पोर महिन्याचं झालं की त्याचं जावळ काढतात, भुवयाही काढतात, आणि गोकर्णीची निळी फुलं चुरगाळून त्यांचा रस भुवयांच्या जागी चोळतात. भुवया दाट येतात म्हणे. माझ्या पोरांना मीही चोळला, त्यांच्या आल्या. सायुतच्या आईने महिनाभर चोळला, वर्षभर चोळला, पोरगी शाळेत जायला लागली तरी चोळतच राहिली. एक केस उगवेल तर शपथ! निळ्या पट्ट्या ओढलेली ती पोर वर्गात बसायची आणि पोरं तिला 'निळी हडळ' म्हणायची. मी तिच्यापेक्षा लहान, शेजारच्या बाकावर. मी एकाला पाटी हाणली होती. अजून वाटतं, दुसऱ्यालाही हाणायला हवी होती.

पुढे तिचं लग्न बाजारातल्या भात-रश्श्याच्या दुकानात झालं. नवरा प्रासान, स्वभावाने गरीब गाय. सासू किमेंग मात्र खमकी. लग्नात आमच्या रीतीने सगळे जोडप्याच्या हातांवर पाणी घालत होते, तेवढ्यात घामाने सायुतच्या काजळाने रेखलेल्या भुवया गालांवर उतरल्या. सासूने तिथेच कपाळाला हात लावला. "बिनभुवयांचं तोंड दुकानात पुढे नको. गिऱ्हाईक उंबऱ्यावरनं मागे फिरेल," असं म्हणून तिने नव्या सुनेला मागच्या मुदपाकखान्यात नेलं, ते कायमचंच. मागच्या कुंपणावर गोकर्णीचा वेल चढवला. रोज सकाळी वाडगाभर फुलं यायची आणि सासूच्या डोळ्यांदेखत सायुतने ती चोळायची. रस्सा सायुत करायची आणि गल्ल्यावर बसून "किमेंगबाई, काय हात आहे हो तुमचा!" हे सासू ऐकून घ्यायची.

आता मी समोर तळलेली केळी विकते, माझ्या कढईपुढून मला सगळं दिसतं. माझा जीव तीळतीळ तुटायचा. सायुतला म्हटलं की ती म्हणायची, "लमुन, तुझी केळी करपतायत."

मग सासूचे गुडघे गेले. चिनी नववर्षाच्या थोडं आधी सगळे जेवायला बसले असताना म्हातारी बोलली, "सणानंतर दुकान उघडेल, तेव्हापासून गल्ल्यावर ओरासा बसेल." ओरासा म्हणजे धाकटी सून. दोन वर्षांमागे आलेली, भुवया कोळशाने रेघ ओढल्यासारख्या. पोरगी वाईट नाही, पण तिला रश्श्यात मीठ किती घालतात ते विचारा!

नेमकी तेव्हाच मी त्यांची परात परत द्यायला मागच्या दाराने गेले होते. सायुत चुलीपाशी उभी होती. पाठ माझ्याकडे.

"रडतेस?" मी विचारलं.

"रडू? कोणासाठी? गल्ला माझा आहे, लमुन. एवढी वर्षं या धुरात मी डोळे फोडून घेतले ते काय ओरासाला खुर्चीवर बसवायला?"

बोलता बोलता तिने तो फुलांचा वाडगा उचलला आणि सगळी फुलं उकळत्या आधणात भिरकावून दिली. नुसत्या रागाने. आम्ही दोघी बघत राहिलो. पाणी आधी जरासं काळवंडलं आणि मग असं निळं झालं की मला शाईची दौत आठवली.

आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? देवळात भिक्खूंना दुपारी हेच सरबत देतात, बाजारात निळ्या थरांच्या वड्या मिळतात. मिळतात ना! पण सायुतने त्या फुलाचा थेंब कधी तोंडात जाऊ दिला नव्हता. निळी वडी समोर आली तरी ती तोंड फिरवायची.

तिने पेला भरला. वास घेतला. मला म्हणाली, "तू पी."

"मी कशाला? तुझ्या कपाळाचं आहे ते!"

यावर ती इतकी हसली की पेला हिंदकळला, आणि मग एका दमात प्यायली. थांबली. जीभ ओठांवरून फिरवली.

"कसं आहे?"

"कसलंच नाही. मटाराच्या ओल्या टरफलासारखं. पण गळ्याला बरं वाटतंय."

दुसऱ्या पेल्यात तिने ताडगूळ घातला आणि सवयीने, रश्श्यात पिळते तसं, लिंबू पिळलं. निळं पाणी बघता बघता जांभळं झालं. "अगं बाई!" ती ओरडलीच. लहान पोरीसारखं तिने पुन्हा पेला भरला, पुन्हा लिंबू पिळलं, पुन्हा रंग बघितला. आम्ही दोघींनी आख्खं पातेलं संपवलं. ताडगुळानं आणि लिंबानं खरंच झकास लागत होतं.

"मेलं, इतकी वर्षं मी हे बाहेरून थापत होते," सायुत म्हणाली. "असं काही प्यायला मिळतं, हे कोणी सांगितलं का मला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूने वाडगा रिकामा पाहिला.

"फुलं कुठायत?"

"प्यायले."

"प्यायलीस? मग भुवयांना काय लावणार?"

"काही नाही लावणार, आई. उगवायच्या असतील तर आतून उगवतील. नाही तर राहिलं."

प्रासान मधे पडला, "अगं, सणासुदीला कशाला आईचं मन..." सायुतने त्याच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "तुम्ही जेवा." ते संपलं तिथेच. पुढे रोज ती पातेलंभर निळं पाणी करायची आणि मागच्या पायरीवर बसून, कोरं कपाळ उन्हात धरून, चवीने प्यायची. काय समाधान होतं त्या तोंडावर! मी मुद्दाम हाका मारून सगळ्या बाजाराला दाखवायची.

दुकानं उघडायचा मुहूर्त आला. लाल कागद लागले, धूप लागला. ओरासा नवीन लाल झगा घालून पुढे येते तर गल्ल्याच्या खुर्चीत सायुत! अंगात साधा कामाचा सदरा, कपाळ लख्ख कोरं, आणि गल्ल्यावर काचेची मोठी बरणी काठोकाठ निळी भरलेली.

तिने दिवस कसा बेतून निवडला होता, ते ऐका. सणानंतर दुकान उघडतात त्या पहिल्या दिवशी आमच्याकडे भांडायचं नसतं, आवाज चढवायचा नसतो, नाही तर वर्षभर भांडणंच होतात. किमेंगबाई दात-ओठ खात, पण हसत हसत म्हणाली, "ऊठ गं, पोरी."

सायुतही हसली. "नाही उठत, आई."

"भवानी व्हायचीय अजून!"

"होऊ दे की. मी बसलेय ना."

पहिलं गिऱ्हाईक दरवर्षी सराफ लाऊशेठ. ते आले, दारात थबकले, सायुतच्या कपाळाकडे बघितलं. "येतो जरा वेळानं," म्हणाले आणि सटकले. त्यांचं बघून कापडवालाही न थांबता पुढे निघून गेला. मग कोणीच येईना. बाजार उभा राहून मजा बघत होता आणि माझं डोकं भणभणत होतं. भवानी मीच करावी म्हणून पाकीट घेऊन निघाले, तर सायुतने बसल्या जागेवरून हाताने थांबवलं.

"तू नको, लमुन. तू माझीच आहेस."

ऊन वर आलं. पहिल्या दिवशी भवानी झाली नाही तर वर्ष बुडालं, हे आमच्या बाजारात सगळेच मानतात, पण किमेंगबाईइतकं कोणी मानत नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला. कुजबुजली, "ऊठ, हात जोडते."

"कपाळ नका बघू आई, हवं तर डोळे मिटून घ्या. पण मी आता मागे जाणार नाही. आज नाही, उद्याही नाही."

म्हातारीने एकदा रिकाम्या दाराकडे बघितलं. मग गुडघा धरत, लंगडत लंगडत गल्ल्याला वळसा घालून पुढे आली. गिऱ्हाईक उभं राहतं तिथे येऊन उभी राहिली.

"एक थाळी रस्सा-भात."

"रश्श्याला अजून उकळी नाही. हे आहे." सायुतने बरणीतून पेला भरला, लिंबाची फोड ठेवली. "पिळा."

सासूने पिळलं. पाणी जांभळं झालं तशी ती दचकली, पण प्यायली. पेला खाली ठेवला. "गूळ कमी आहे," म्हणाली आणि कमरेच्या पिशवीतून नोट काढून सुनेच्या हातावर ठेवली.

भवानीची नोट आमच्याकडे मालावर थापटतात, बरकत यावी म्हणून. सायुत उठली. नोट बरणीवर थापटली. रश्श्याच्या टोपांवर थापटली. आणि मग सगळ्या बाजाराच्या देखत तीच नोट आपल्या कपाळावर, भुवया नव्हत्या तिथे, आधी उजवीकडे आणि मग डावीकडे, अशी थापटली की आवाज माझ्या कढईपर्यंत आला.

"झाली भवानी!" ती खणखणीत ओरडली. "चला, पुढचं गिऱ्हाईक कोण?"

केळी तेलात तशीच टाकून मी धावत सुटले.