क्रमवारीत मोजलेली मुलगी ओझरला भेटली

मैत्रिणींनो, दुपारी ओझरहून आल्यापासून कशातच लक्ष लागत नाहीये.

उद्या माझ्या भाचीचा, दादाच्या पल्लवीचा, बीबीएला प्रवेश घ्यायचा होता, म्हणून दादा आम्हाला आधी विघ्नहराच्या दर्शनाला घेऊन गेला. कॉलेज आम्ही एका मासिकातली क्रमवारी बघून निवडलेलं. तिथल्या सगळ्या मुलांना नोकरी लागते, असं त्यात छापलंय.

हार घेताना दादाने दुकानातल्या मुलीला कौतुकाने कॉलेजचं नाव सांगितलं. ती हसली. "मी तिथनंच बीबीए केलं, भाऊ."

"मग सुट्टीवर आलीस व्हय?"

"न्हाई, मी इथंच असते. पन नोकरीवाल्यांत मलाबी धरलंय! कॉलेजातनं फोन आला व्हता, काय करतीस? म्हनलं, आईच्या दुकानात हार करते. मॅडम म्हनल्या, म्हंजी लागली की नोकरी!"

मी विचारलं, "आणि मासिकवाल्यांनी खात्री नाही केली?"

"त्यांना कॉलेजच सांगतं, काकू. मला कोन इचारतंय?"

दादा बाकावर बसला. "सोयरीक करायची तर आपन चार घरी चौकशी करतो राव. अन् पोरीची तीन वर्षं नुसती मासिक वाचून देत व्हतो."

पल्लवी मात्र तिच्याजवळ जाऊन बसली. "ताई, तुमच्या वर्गातल्या बाकीच्या आता काय करतात?"

तेव्हा कुठे त्या मुलीचे हार ओवणारे हात थांबले.

उद्याचा प्रवेश आम्ही थांबवलाय. तुम्ही मुलांचं कॉलेज ठरवताना तिथून शिकून बाहेर पडलेल्या कुणाला विचारलं होतं का?