फादरनं धरलेला पाय

माही बायको लीला गेली, त्याच्या आदल्या सांजेला तिनं माह्या भेगाळलेल्या टाचांले एरंडेल लावलं होतं. मी पाय ओढला तशी हसली, "अजी, अजून लाजताच का?" आज तेच तेल मी सोताच्या हातानं लावलं, अन् वासासंगं गावातलं जुनं चर्च डोळ्यापुढं आलं.

पवित्र गुरुवार होता. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुवायचे. त्या वर्षी त्यात मी होतो. मी दुसऱ्याच्या वावरात राबणारा माणूस. लाजेनं घरीच विटेच्या तुकड्यानं टाचा घासल्या, रक्त निघेपर्यंत. लीला म्हणे, "धुतलेलेच पाय धुवाले नेता का?"

फादर माह्यापुढं गुडघ्यावर बसले अन् मी पाय मागं घेतला. "नका हात लावू, फादर. मी मजूर हाव."

बायकांच्या रांगेतून लीला ओरडली, "येशू वाकला, अन् तुमालेच जड जाते का? ठेवा पाय!"

सारे हसले, फादरबी. पाणी थंड होतं. त्यायनं पाय पुसला अन् त्याचा मुका घेतला.

मले तिचा लई राग आला होता. मी सोताले नम्र समजत होतो. आता कळते, कोणाकडून काही घ्याचं नाई, हा माहा ताठा होता. देव मले माणूस म्हणत होता, अन् मीच नाई म्हणत होतो.

लीला गेली, त्याच्या दुसऱ्या सकाळी, म्हंजे आजच, शेजारची कमलाबाई वरण-भाकर घेऊन आली, कारण मरणघरी चूल पेटत नाई. तिच्याच घरी खाणारी तोंडं जास्त, म्हणून तिच्या हातचं मी कधी घेतलं नव्हतं.

"थोडं खाऊन घ्या, मामाजी."

मी आतून ताट आणलं अन् तिच्यापुढं धरलं.