माझ्यासाठी निवडलेले मऊ बुश

साठी उलटल्यावर आमच्या ह्यांना दोन माणसांची स्पोर्ट्स कार घ्यावीशी वाटली, यात माझा काय दोष, तुम्हीच सांगा! कोंडाण्याकडे एका मुंबईवाल्याच्या फार्महाऊसवर ती कितीतरी वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. लाल, बुटकी, छप्पर मागे सारता येणारी. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेला माणूस, सगळा जन्म स्कूटरवर गेला. गाडी बघितली आणि हरखूनच गेले. भिसेगावात आमच्या दारात ती उभी राहिली तेव्हा मी डोक्याला हात लावला. तिच्यात बसायचं म्हणजे जमिनीवर पाट मांडून बसल्यासारखं, आणि उतरताना माझे गुडघे नको म्हणायचे.

त्यातून ती कुरकुरायची. साधा स्पीडब्रेकर आला की पुढून चुंईऽ, मागून खडाक्. हे म्हणाले, "बुश गेलेत गं." चाकाला गाडीशी जोडणारे जे लोखंडी हात असतात, त्यांच्या सांध्यात रबराचा जाडसर गोल तुकडा बसवलेला असतो, तो बुश. आपल्या गुडघ्यात गादी असते तसंच म्हणे. ती झिजली की लोखंड लोखंडावर घासतं. मी म्हटलं, माझ्या गुडघ्यातली बदलली नाहीत ती अजून, आणि गाडीचा कळवळा आला होय?

माझं माहेर खालापूरच्या बाजूला. भाऊ भातशेतीवाला, पण रस्त्याकडेची जमीन गोदामवाल्यांना गेली आणि दारात पांढऱ्या मोठाल्या गाड्या आल्या. भाचीच्या साखरपुड्याला आम्ही त्या लाल डबड्यातून गेलो. गावात शिरल्यापासून मांडवापर्यंत नुसतं चुंई-खडाक्, चुंई-खडाक्. पोरं मागे धावत होती. मी उतरताना अडकले, पदर दारात, एक पाय बाहेर. भाऊ हसत हसत आला. "दाजी, तेल पाजा की वो गाडीला! किती रडतीय बिचारी! आमी ढकलायला येऊ का?" सगळा मांडव हसला. वहिनी तर तोंडाला पदर लावून हसत होत्या. हेही हसले, मनापासून. मला मात्र धरणी दुभंगावी असं झालं.

त्यानंतर माहेरी जायचं झालं की मी गावाबाहेरच्या वळणावर गाडी थांबवायला लावायची आणि पुढे चालत जायची. हे गाडी तिथेच झाडाखाली लावून मागून यायचे. एकदा त्यांनी विचारलं, तशी मी फटकन म्हणाले, "त्या आवाजाची लाज वाटते मला." "असं होय," म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवसापासून बुशच्या मागे लागले.

खोपोलीच्या दुकानांत त्या गाडीचे बुश कुठले मिळायला! शेवटी कुठून कुठून विचारून दोन तऱ्हेचे नमुने मागवले. माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर मांडले, मी भाकऱ्या थापत असताना! एक काळे, मऊ रबराचे. दुसरे पिवळेजर्द, कडक, प्लास्टिकसारखे. अंगठ्याने दाबून दाबून बघत होते. जुन्या गाड्यांच्या नादातली जी मंडळी ह्यांना फोनवर भेटली होती, ती सगळी एका सुरात सांगत होती की स्पोर्ट्स कारला पिवळेच लावायचे, नाहीतर ती गाडी घेतलीच कशाला? पिवळ्यांनी स्टिअरिंग घट्ट होतं, वळणावर गाडी जराही झुकत नाही, आणि टिकतात पुष्कळ. हेही त्याच मताचे. पळसदरीच्या रस्त्याची वळणं त्यांना कधी एकदा तशी घेतो असं झालं होतं, हे मला दिसत होतं.

"मग पिवळे लावा ना," मी म्हटलं.

"पण ग्रीस सुकलं की हे पुन्हा कुरकुरतात. आणि खड्डा थेट कमरेत बसतो. काळे बोलत नाहीत. वळणावर गाडी झुकेल जराशी, लवकर झिजतीलही. तू दाबून बघ."

"मला काय कळतंय त्यातलं? आवाज बंद होईल ते घाला आणि ओटा मोकळा करा!"

त्यांनी पिवळे पुन्हा खोक्यात घातले, चिकटपट्टी लावली आणि परत पाठवून दिले. मी भाकरी उलटली.

काळे बुश बसले आणि भाच्याच्या हळदीला आम्ही निघालो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पहिला स्पीडब्रेकर आला. हे मान तिरकी करून ऐकत होते.

"ऐकलंस?"

"काय?"

"काहीच नाही!" आणि असे खुलले म्हणून सांगू! मग काय, प्रत्येक स्पीडब्रेकरला तेच. "ऐकलंस?" "नाही ऐकलं!" मलाही हसू यायला लागलं. खरं सांगते, बरं वाटत होतं. खड्ड्यांतून गाडी अलगद जात होती, कमरेला हादरा नाही. आज थेट मांडवात उतरू, असं हे दोनदा म्हणाले. मी हो म्हटलं.

गावाबाहेरचं वळण आलं. पुढे पांढऱ्या गाड्यांची रांग दिसली, वहिनींच्या माहेरची माणसं उतरत होती, भरजरी साड्या, गॉगल. माझ्या तोंडून निघून गेलं, "इथेच थांबवा."

ह्यांनी ब्रेक लावला. माझ्याकडे बघितलं. "अगं, आता तर आवाज येत नाही."

आवाज हे निमित्त होतं. लाज मला आवाजाची नव्हतीच. म्हातारपणी लाल गाडी घेऊन पोरासारखा आनंदणारा नवरा मला त्या माणसांना दाखवायचा नव्हता. हे मलाही त्या क्षणीच कळलं, आणि त्यांनाही. मी म्हटलं, "पुढे चिखल आहे." समोर रस्ता कोरडा ठणठणीत होता. त्यांनी त्या रस्त्याकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं.

"बरं. तू हो पुढे."

मी आहेराची पिशवी घेऊन चालत गेले. एकदाही मागे वळून बघितलं नाही, इतकी मी मेली कोडगी. मांडवात भावाने विचारलं, "दाजी कुठं हायत? त्यांची ती रडकी गाडी आणली नाय का?" मी वहिनींना ओटी कुठे ठेवलीय ते विचारत बसले.

थोड्या वेळाने हे आले. चपला धुळीने भरलेल्या, शर्ट पाठीला चिकटलेला. भावाने हसत हसत पुन्हा तेच विचारलं.

हे त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाही रे, गाडी नाही आणली. रिक्षाने आलो आम्ही."

चार हातांवर मी उभी होते. "नाही रे, गाडी आणलीय, आणि बघ कशी मुकाट चालते ती," एवढंच बोलायचं होतं. मी हळदीचं ताट उचललं आणि आत गेले.